ठकूआई आणि विहिरीतलं कातडं

फार फार वर्षं झाली. निंबखोरीत विजेचा खांब उभा राहायचा होता, तेव्हाची गोष्ट. विहिरीचं पाणी बैलांच्या मानेवर वर यायचं. बैल उतारानं पुढं गेले की कातड्याची मोट भरून वर यायची, बैल मागं सरले की रिकामी होऊन खाली जायची. ह्या मोटा शिवायची ठकूआई. नवरा भिवा कातडं कमवायचा, ती शिवायची, आणि तिच्या मोटेतून थेंब गळत नसे, असं म्हणतात. काहीजण तर सांगतात, तिच्या मोटेत चांदणं भरलं असतं तरी गळलं नसतं. चांदण्याचं राहू द्या. पाणी गळत नसे, हे खरं.

तिनं शिवलेलं कातडं विहिरीत उतरायचं, पण तिला विहिरीची पायरी बंद. विटाळ होतो म्हणे! कातडं चालतं आणि शिवणारी चालत नाही, ह्यात अक्कल कुठली, हे निंबखोरीत अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

मग मळ्याचे धनी रंगराव ह्यांनी इंजन आणलं. तालुक्याच्या इसाकमिस्त्रींनी ते विहिरीच्या काठावर बसवलं, शेजारी पंप जोडला, एक लांब पाइप खाली पाण्यात सोडला. इंजनानं धूर टाकला आणि पानमळ्याच्या पाटात पाणी धो धो पडलं. सगळा गाव नाचला. ठकूआई लांबून बघत होती. तिनं लांबूनच इंजनाला तीन फेऱ्या मारल्या. बैल दिसेना, दोर दिसेना.

"ओढतंय कोण?" तिनं विचारलं.

"इंजन ओढतंय की!"

"इंजन तर जाग्यावर बसलंय. बसून कसं ओढतंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. तरी सगळे तिलाच हसले. "ठके, तू आपली आरी सांभाळ!"

वर्षभरात पंचक्रोशीतल्या मोटा झाडाला टांगल्या गेल्या. ठकूआईला कुणी बोलवेना. भिवानं कातडं शिवायची आरी आणि कापायची रापी फडक्यात बांधली.

"चल, डोंगराकडं जाऊ. तिकडं अजून मोटा हायेत."

"तिथं बी इंजन येईल. मग कुठं जाशील, समुद्रात?"

"मग हितं बसून काय करायचं?"

ठकूआईच्या डोक्यात नुसता गुंता. हात तेच, कातडं तेच, आणि काम गेलं कुठं? पाण्याला वर कोण आणतंय, हे कळल्याशिवाय तिचा पाय गावातून निघेना. "दसऱ्यापर्यंत थांबते," ती म्हणाली. "तवर कळलं नाही, तर येते डोंगराला."

नवरात्र आलं. इंजन आता देवच झालेलं. लोकांनी पाइप विहिरीतून वर काढला, चिंचेनं घासला, शेंदूर लावला, झेंडूच्या माळा घातल्या आणि नऊ दिवस उन्हात मांडवापुढं उभा केला. सकाळ-संध्याकाळ आरती. दसरा झाल्यावर वाजतगाजत तो परत पाण्यात सोडला.

इंजन गरजलं, पंप फिरला, पण पाण्याचा थेंब नाही. पाइप भरलेला असला तरच पंप पाणी धरतो, म्हणून त्यात घागरीनं पाणी ओतलं, तर ते गुडगुड करत खाली गेलं. दहा घागरी ओतल्या, दहाही गेल्या. कुणी म्हणालं, पाण्यातल्या देवी, साती आसरा, कोपल्या. हिरव्या बांगड्या वाहिल्या, दहीभात सोडला. इसाकमिस्त्री लांबच्या कामावर, आठवड्यानं येणार. आणि नऊ दिवस कोरडी राहिलेली पानवेल काही आणखी आठवडा थांबत नाही. आश्विनाच्या उन्हात पानं माना टाकायला लागली.

ठकूआई तिथंच उभी होती. ओतलेलं पाणी कुठं जातंय? आसरा एवढं पाणी पितात? आणि एकाएकी तिला ओळखीचं काही दिसलं.

"गळतंय," ती म्हणाली.

"लोखंड गळतं व्हय गं?" रंगराव खेकसले.

"ते मला ठावं न्हाई. पण गळती मी जन्मभर आडवली. मला उतरू द्या."

"विहिरीत? तू?"

"न्हाईतर मळा वाळू द्या, धनी. दोन्हीतलं एक."

रंगरावांनी वेलांकडं बघितलं आणि ते पायरीवरून बाजूला सरले. ठकूआईनं त्यालाच होकार धरलं आणि पायऱ्या उतरली. मोटेवरचं एक अख्खं गाणं म्हणून होईतो ती पाण्याखाली होती, असं म्हणतात. वर आली ती ओरडतच. "पाइप काढा! खालच्या तोंडात कातडं हाय!"

खरंच होतं. पाइपाच्या तळाशी लोखंडी टोपली, तिला फूटवॉल म्हणतात, आणि तिच्या आत कातड्याची गोल झडप. पाणी आत येऊ देणारी, मागं जाऊ न देणारी. नऊ दिवसांच्या पूजेत ती उन्हानं पापडासारखी वाकडी होऊन चिरली होती. भक्तीनं देवाचं तोंडच वाळवलं! ठकूआईनं आपल्या जुन्या मोटेचा तुकडा कापला, करंजीच्या तेलात मुरवला, बसवला. घागर ओतली. पाणी राहिलं. इंजन सुरू झालं आणि पाट भरून वाहिला.

शाबास कुणी म्हणालं नाही. एक म्हातारा म्हणाला, "विहीर शुद्ध करावी लागेल."

"करा की," ठकूआई म्हणाली. "पण आधी माझं कातडं बाहेर काढा."

कुणी काढलं नाही.

इसाकमिस्त्री आले, झडप बघितली. "ही कुणी बसवली?" ठकूआई पुढं झाली. "मी. आता सांगा भाई, ओढतंय कोण?" मिस्त्रींनी पपईच्या पानाचा पोकळ देठ घागरीत बुडवला, वरच्या तोंडावर बोट ठेवून उचलला. पाणी आतच राहिलं. "कुणीच ओढत नाही, ठकूबाई. पंप आतली जागा रिकामी करतो. बाहेरची हवा विहिरीच्या पाण्याला दाबते, ते वर चढतं."

ठकूआई आणखीच गोंधळली. हवा दाबते? मग आपण चपटं कसं होत नाही? महिनाभर ती हातात देठ घेऊन फिरली. भाकरीवर पाणी सांडलं, भिवाच्या डोक्यावर सांडलं. बाई खुळावली, गाव म्हणालं. तिला अर्धं कळलं, मग अर्ध्याचं अर्धं. मिस्त्री दिसले की विचारायचीच. भिवाचं गाठोडं सुटलं ते सुटलंच.

दहा गावांचे मोट शिवणारे पुढं रस्त्यावर खडी फोडायला गेले. त्यांचे हात काही कमी नव्हते. पण हात एका कामापुरता शिकतो; कामामागचं कारण कळलं की ते पुढच्या कामालाही पुरतं. इंजन गेलं, विजेची मोटार आली; कातडं गेलं, रबर आलं; ठकूआईला बोलावणी येतच राहिली. म्हातारपणी ती जमिनीला कान लावून तीन कोसांवरच्या पंपाचं दुखणं सांगायची, असं म्हणतात. जाताना तिचे शब्द होते, "हवा पाण्याला ढकलती, ते कळलं. पण हवेला कोण ढकलतं?"

निंबखोरीत आता खंडेनवमीला, अवजारं पुजायच्या दिवशी, पाइप उन्हात ठेवत नाहीत. सकाळीच फूटवॉल उघडून, झडप पुसून, परत पाण्यात. मग घराघरातली पोरं एकेकाळी ठकूआईला बंद असलेल्या त्याच पायरीवर उतरतात. यंत्राचं शिक्षण घ्यायला गाव सोडणारानं हातात पपईचा देठ धरून, आपल्याला न कळलेली एक गोष्ट मोठ्यानं सांगायची. "मला सगळं कळलं" म्हणणाऱ्याला परत रांगेच्या शेवटी धाडतात. "कळंना" म्हणणाऱ्याच्या हातावर गूळ.

दरवर्षी कुणी ना कुणी ठकूआईचाच शेवटचा प्रश्न विचारतं. जाणती माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, आणि गुळाचा खडा जरा मोठा देतात.