नागपूरच्या विमानाआधीची रांग

“पण खुर्चीत बसायला तुमचं जातंय काय, माई?”

“धड पाय लंगडे म्हणून दाखवू? का म्हणून?”

हेरंबबुवांनी चाकांची खुर्ची आपल्या म्हाताऱ्या गुरूंपुढे आणखी सरकवली. ती घेऊन आलेला माणूस कंटाळून दुसरीकडे बघत होता.

परदेशातलं विमान मुंबईत उशिरा उतरलं होतं. पासपोर्ट तपासायची रांग हलत नव्हती. नागपूरचं विमान आता सुटेल, मग सुटेल, अशी वेळ. आणि नागपूरला इस्पितळात बुवांची आई... सकाळपासून तिनं पाणीसुद्धा गिळलं नव्हतं.

“खुर्चीवाल्यांना वेगळी खिडकी असते. सोबतच्यालाही सोडतात. तुमचं वय बघून कुणी विचारायचं नाही.”

“म्हणूनच नको.”

“माई, आई जाईल हो तिकडे!”

“मग समोरच्यांना विचार. म्हण, मला पुढे जाऊ द्या.”

बुवांनी समोर पाहिलं.

पुढे उभ्या कुटुंबानं परदेशात त्यांचं प्रवचन ऐकलं होतं. विमानात चढताना सगळे पाया पडले होते.

“यांच्यापुढे हात जोडू? मी?”

“माधुकरीवर काय झकास बोललास तिकडे. दारात उभं राहून मागितलं की ताठा उतरतो म्हणालास. बायका रडल्या.”

“ते वेगळं.”

“वेगळंच. तेव्हा तुझं पोट भरलेलं होतं.”

“मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. तुम्ही गुरू, तुम्हीच शिकवलंत.”

“सोयीचं तेवढं बरं लक्षात राहिलं!”

बुवांचा फोन वाजला. बहिणीचा. त्यांनी नाव पाहिलं... उचलायचा धीर झाला नाही.

माईंनी खुर्ची फिरवली आणि बुवांच्या गुडघ्यांना टेकवली.

“बस.”

“मी?”

“अडलेत ते तुझे पाय.”

खुर्ची आणलेल्या माणसाला हसू आवरेना. बुवांचे कान लाल झाले.

फोन वाजायचा थांबला.

बुवांनी खुर्ची बाजूला केली. पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला.

“बोला ना, महाराज.”

महिनाभर न अडखळता बोललेल्या माणसानं हात जोडले, तोंड उघडलं.

“माझी आई...”

पुढे काही येईना.

त्या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही. वळून ओरडला, “अहो, यांना सोडा पुढे!” पिशव्या सरकल्या, माणसं अंग चोरून उभी राहिली. वाट झाली.

थोडं पुढे जाऊन बुवा थांबले. माई जागच्या हलल्या नव्हत्या.

“चला ना! तुमचंही तेच विमान आहे.”

“माझी आई केव्हाच गेली. मला कसली घाई? बॅगा घेऊन येते मी संध्याकाळच्या विमानानं.”

“तुम्हाला एकटीला टाकून जाऊ?”

“विहिरी खणल्यात मी. तुझ्या दोन बॅगांचं काय कौतुक!”

“मी नाही जाणार तुमच्याशिवाय.” बुवांचा आवाज लहान झाला. “तुम्ही नसलात तर... आईशी मी काय बोलू?”

माईंनी हातानं पुढची वाट दाखवली.

“मघाशी हात जोडून बोललास तेवढंच. वर एक शब्द घालू नकोस. पळ!”