मागे म्हणा

"आता माझं कुठलं प्रशिक्षण राहिलंय, गुरुजी? तुम्हीच सांगा."

खिलारे गुरुजींनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"तूच सांग की. मला काय माहीत?"

सर लगेच सांगायला लागले. भाषेचं झालं. गणिताचं झालं. बालमानसशास्त्राचं तर पुण्यात राहून झालं. संगणकाचं पुन्हा झालं, कारण पहिल्या वेळी वीजच नव्हती. शाळा बंद होत्या त्या काळात मोबाईलवर जी झाली, त्यांची प्रमाणपत्रं अजून छापून घ्यायची राहिली होती.

गुरुजी ऐकत होते. शेंगा फोडत होते.

दिगंबर टेकाळे यांना सगळा तालुका टेकाळे सर म्हणतो. नोकरीची सुरुवात त्यांनी खिलारे गुरुजींच्या हाताखाली केली. गुरुजी तेव्हा मुख्याध्यापक होते, आता निवृत्त होऊन मळ्यात राहतात. मधल्या काळात मराठी शाळेतला 'गुरुजी' हा शब्द मागे पडला आणि 'सर' पुढे आला. काय पुढे गेलं आणि काय मागे राहिलं, हे कुणी तपासलं नाही. तपासणी अधिकाऱ्यांना दुसरी कामं असतात.

"आणि आता सोमवारपासून मीच घेतोय," सर म्हणाले. "वाचनाचं प्रशिक्षण. मुलांना वाचायला कसं शिकवावं. तालुक्यातले सगळे शिक्षक येणार आहेत. मुख्य मार्गदर्शक मी."

"छान."

"हे नीट पार पडलं की जिल्ह्याला घेणार आहेत. कायमचं. मग वर्ग नाही, शाळा नाही. फक्त मार्गदर्शन."

"छान," गुरुजी पुन्हा म्हणाले.

दुसऱ्यांदा म्हटलेलं 'छान' पहिल्यासारखं नव्हतं. सरांना ते कळलं. पण त्यांनी न कळल्यासारखं केलं.

"म्हटलं, तुमचा आशीर्वाद घ्यावा."

"दिला की मघाशी. पाया पडलास तेव्हाच."

"हो..."

"मग बसलायस कशाला?"

पाटाला पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. सरांनी ढिगातली एक शेंग उचलली, फोडली नाही, तशीच बोटांत फिरवत राहिले.

"परवा गाडी पंक्चर झाली, गुरुजी. फाट्यावर."

"बरं."

"पंक्चर काढणारा माणूस माझ्याकडे बघून हसायला लागला. म्हणाला, सर, ओळखलं नाही का? मी गोरख."

गोरख हा सरांचा जुना विद्यार्थी. त्याचं नाव घेताना सरांचा चेहरा आपसूक उजळला. असा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाला एखादाच मिळतो. काय त्याचा आवाज! सर पुस्तक हातात घेऊन एक वाक्य म्हणायचे, मग वर्गाला सांगायचे, 'मागे म्हणा.' साऱ्या वर्गाच्या गलक्यातून गोरखचा आवाज वर यायचा. पुढे पुढे सर त्यालाच उभा करायला लागले. गोरख पुस्तक धरायचा, ओळीखालून बोट फिरवायचा आणि अख्खा धडा खणखणीत वाचून दाखवायचा. कुणी पाहुणे शाळेत आले की गोरख उभा राहायचा. साहेब आले की गोरख उभा राहायचा.

"त्यानं चाक खोललं," सर सांगत होते, "आणि काम करता करता धडा म्हणायला लागला. नदीकाठचा उंबर. सगळा! कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं माझं. माझ्यासारखंच. मला काय वाटलं म्हणून सांगू... वाटलं, सार्थक झालं."

"आणि मग?"

"मग त्याचा फोन वाजला. मेसेज आला होता. त्यानं हात पुसले, फोन माझ्यापुढं धरला. म्हणाला, सर, एवढं वाचून दाखवता का? पोरीच्या शाळेतनं आलंय. तिची आई माहेरी गेलीय, नाहीतर तीच वाचती."

गुरुजींचा हात थांबला.

"मी म्हटलं, चष्मा नाही का आणलास? तर हसला. म्हणाला, चष्मा कशाला सर, मला कुठं वाचता येतं?"

गुरुजींनी सूप बाजूला सारलं.

"मराठीत होतं, गुरुजी. साधं मराठी. उद्या मुलांनी घरून रंगीत कागद आणावा. एवढंच."

"तू काय केलंस?"

"वाचून दाखवलं." सरांनी हातातली शेंग ढिगात टाकली. "मग विचारलं, अरे, तू तर वर्गात वाचायचास. तर म्हणाला, ते तुमचं ऐकून पाठ झालेलं असायचं, सर. तुम्ही एवढं कौतुक करायचा, सगळ्यांसमोर पाठ थोपटायचा. येत नाही म्हणून कसं सांगायचं? तुम्हाला किती वाईट वाटलं असतं..."

एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा रडायला लागला. वाईट वाटणारच. विद्यार्थ्यानं सरांचं मन राखलं, आणि त्यापायी तो जन्माचा अडाणी राहिला. सर मात्र त्याच्या आवाजावर खूश राहून बदली झाल्यावर निघून गेले होते.

वाईट वाटत असलेल्या माणसाला लगेच समजावू नये, एवढं गुरुजींना कळत होतं.

थोड्या वेळानं सरांनी डोळे पुसले. घसा खाकरला. आणि शिक्षक जसे अशा वेळी सावरतात तसे सावरले, म्हणजे मुद्द्यावर आले.

"कुठंतरी काहीतरी राहिलंय, गुरुजी. त्या काळात अक्षरओळखीची पद्धतच वेगळी होती. वर्गात पोरं किती होती, तुम्ही बघितलंय. आम्हाला नीट शिकवलंच नव्हतं कुणी. तुम्ही मला सांगा, माझं नेमकं काय राहिलं. मी ते शिकून घेतो. सोमवारच्या आत घेतो. कुठं जावं लागलं तरी जातो."

"घेशील. तू काहीही शिकून घेशील."

"मग सांगा ना."

गुरुजी उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. आत गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतलं एक पातळसं पुस्तक घेऊन बाहेर आले. पुन्हा बसले, पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं.

"म्हण तुझा धडा."

"कुठला?"

"उंबराचा. मी मागे म्हणतो."

"तुम्ही?"

"तुला शिकायचंय ना? मग म्हण."

सरांना अवघडल्यासारखं झालं. पण धडा सरांचा होता, आणि आवाजही सरांचाच. त्यांना पुस्तक लागतच नसे.

"डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते."

"डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते," गुरुजी म्हणाले. त्यांचं बोट ओळीखालून सरकलं.

"गावाजवळून नदी वाहत होती."

"गावाजवळून नदी वाहत होती."

"नदीच्या काठी एक जुना उंबर होता."

"नदीच्या काठी एक जुना उंबर होता."

हळूहळू सरांचं अवघडलेपण गेलं. पाठ ताठ झाली. एक हात हवेत वर-खाली व्हायला लागला. 'उंबरावर पोपटांचा थवा राहत असे' या वाक्याला ते आवाज नेहमीच चढवत, तसा चढवला. गुरुजींनीही चढवला. गुरुजींचे पुढचे दात पडलेले होते, त्यामुळे 'थवा' नीट आला नाही. सरांनी तो त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. पान संपलं तसं गुरुजींनी पान उलटलं. सरांनी डोळे मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांनी धडा जास्त छान ऐकू येतो.

"आणि पोपट उडून गेले."

"आणि पोपट उडून गेले."

"शाबास!" सरांच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी जीभ चावली. गुरुजींना शाबास म्हणायचं म्हणजे... पण गुरुजी नुसते हसले.

एवढ्यात सूनबाई चहा घेऊन ओट्यावर आल्या. कप ठेवता ठेवता त्या थबकल्या.

"मामा, चष्मा तर आत टीव्हीपाशी पडलाय तुमचा. आणि मिक्सरचं पुस्तक घेऊन काय वाचताय?"

"असू दे," गुरुजी म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटून सूनबाईंच्या हातात दिलं. त्या ते घेऊन आत गेल्या.

चहावर साय धरली. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गुरुजींच्या बोटाकडे बघत होते, जे आता कुठल्याच ओळीखाली नव्हतं.

"गोरख पण असंच फिरवायचा," सर शेवटी म्हणाले. "बोट..."

"हं."

"मी बघत नव्हतो का, गुरुजी? एवढी वर्षं?"

"ऐकत होतास."

"कुणाला? गोरखला?"

गुरुजींनी मान हलवली. नाही म्हणून.

सरांना उत्तर कळलं, आणि ते फार लागलं. इतकी प्रशिक्षणं झाली, पण कधी कुणी त्यांना असं उघडं पाडलं नव्हतं. त्यांना पळून जावंसं वाटलं. आणि दुसरीकडे वाटलं, इथंच बसून राहावं, कारण इथून उठलं की पुन्हा लोक मान झुकवून 'सर' म्हणायला लागतील.

"तुमच्या वर्गात नाही झालं असं कधी," ते म्हणाले. "तुम्ही हाताला धरून गिरवायला लावायचा."

गुरुजींनी चहाचा कप उचलला, पण प्यायले नाहीत.

"माझे किती असे गेले असतील, दिगू... मला आता कधी कळायचं नाही. काही मरूनसुद्धा गेले. बाजारात कुणी वाकून नमस्कार करतं, गुरुजी म्हणतं. वाटतं, ह्याला तरी येत असेल का..."

"तुम्ही विचारत नाही?"

"धीर होत नाही." गुरुजींनी कप खाली ठेवला. "तुला निदान एक सापडला."

ओट्यावरचं ऊन सरकून सुपावर आलं. एकाचा पश्चात्ताप ताजा होता, दुसऱ्याचा फार जुना. जुना सोसायला सोपा असतो असं लोक म्हणतात. गुरुजींच्या तोंडाकडे बघून तसं वाटत नव्हतं.

मग सर हळूच म्हणाले, "मी सोमवारी नाही म्हणून कळवू का?"

"ते तुझं तू बघ."

"कुठल्या तोंडानं उभा राहू तिथं? वाचायला कसं शिकवावं म्हणून सांगायचं, आणि माझाच पोरगा..."

गुरुजींनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"पण आता नाही म्हणणंही बरं दिसणार नाही. सगळी तयारी झालीय. फ्लेक्स लागलेत. माझा फोटो आहे."

गुरुजींनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

सर उठले. ओट्यावरच इकडून तिकडे फिरले. फिरता फिरता त्यांची चाल बदलली. पावलं ठाम पडायला लागली, जशी फळ्यापुढे पडतात. त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं. मघाशी रडलेल्या डोळ्यांत आता चमक होती, आणि ती त्यांना स्वतःला दिसत नव्हती.

"गुरुजी! मी जातो सोमवारी. जातो आणि सांगतो."

"काय सांगतोस?"

"हेच. गोरखचं. सुरुवातच त्यानं करतो. पंक्चर, तो धडा, तो मेसेज, सगळं. माझी चूक सगळ्यांसमोर कबूल करतो. मग शिक्षकांचे गट पाडतो, प्रत्येकाला विचारतो, तुमच्या वर्गातला गोरख कोण? जबरदस्त होईल. सगळ्या हॉलला विचार करायला लावीन."

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले.

"नाव बदलीन त्याचं," सर घाईनं म्हणाले. "म्हणजे त्याला वाईट वाटायला नको."

"चांगलं सांगशील तू. आवाज आहे तुझ्याकडं."

"लोकांना भिडेल ना?"

"भिडेल. मागं बसून मोबाईल बघणारेसुद्धा डोळे पुसतील."

सरांना हायसं वाटलं. हे ऐकायलाच आपण आलो होतो, असं त्यांना वाटून गेलं. ते वाकले आणि पुन्हा एकदा गुरुजींच्या पाया पडले. गुरुजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. सरांना वर बघता येईना.

"दिगू..."

"काय, गुरुजी?"

"सोमवारी गोरखचं दुकान उघडं असतं का रे?"