ढिगाऱ्यावरची पंगत

माणसाला घर बांधायचं ठाऊकही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. साळू नावाच्या साळिंदरणीनं घुशींकडून नवं बीळ खोदून घेतलं. बीळ झालं झकास, पण दारात मातीचा ढीग तसाच, मुळांचे तुकडे पसरलेले आणि उंबऱ्याच्या दगडाचा टवका उडालेला.

घुशींचा मुकादम मिशा पुसत म्हणाला, "काम फत्ते, साळूबाई! आता खीर होऊ द्या."

काम संपलं की खोदणाऱ्यांना रताळ्याची खीर वाढायची, असा त्या रानाचा रिवाजच होता.

"आधी दार तर साफ करा."

"पाऊस नेईल की वाहून! एवढ्यातेवढ्याचं काय घेऊन बसलात?"

साळूचे काटे फुलले. पण भांडलं तर घुशी पसार होतील, हे ती ओळखून होती. तिनं काटे मिटले, मडकंभर खीर रांधली आणि पानं मांडली ती थेट त्या ढिगावर.

घुशी बसल्या. पानं कलंडली, खिरीत माती पडली, मुकादमाच्या बुडाला मूळ टोचलं. तो ओरडला, "अहो, इथं जेवायचं तरी कसं?"

"तुमचं इथं एक जेवण होईना," साळू म्हणाली, "मला तर जन्म काढायचाय."

मुकादमानं सगळ्या घुशींना कामाला लावलं. दिवस मावळायच्या आत अंगण लख्ख झालं. घुशी पुन्हा पानांवर बसल्या. साळूनं खिरीचा डाव उचलला आणि उंबऱ्याकडे बघत तसाच हातात धरून ठेवला.

"उठा रे सगळे," मुकादम म्हणाला, "दगड राहिलाय."