जखमेचे पान

उद्याच्या नियमांकडे डोळे लावून आजचा डाव थांबवणारी माणसे स्वतःला दूरदर्शी म्हणवतात. खरे तर ती भित्री असतात.

एका नगराच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी एक खेळ चाले. एक जण गोष्ट सांगे, बाकीचे त्यातली पात्रे होत, आणि प्रसंगाचा निकाल फासे व नियमपुस्तक लावत. बरीच वर्षे गोष्ट सांगणाऱ्या वृद्ध गुरूने ते काम आता शिष्याकडे सोपवले होते.

पण खेळाची नवी आवृत्ती येणार अशी वार्ता आली आणि शिष्य तिच्यातच गुंतला. कोणते नियम बदलतील याच्या अंदाजांनी त्याने वही भरली. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या इंदूताई खेळात नावाडीण होत्या; खांद्यात बाण घेऊन त्या तीन महिने नदीकाठी पडून होत्या.

"जखमेचा नियम नक्की बदलणार, ताई. थोडं थांबू या," शिष्य म्हणाला.

"ही नावाडीण माझ्या दुकानात आली असती, तर एव्हाना बरी होऊन भांडायला परत आली असती," इंदूताई म्हणाल्या. "आज डाव झाला नाही, तर पुढच्या रविवारी मी येत नाही."

बाकीच्या दोन खेळाडूंनीही माना डोलावल्या. शिष्याचा चेहरा उतरला. ही तीन माणसे गेली, तर गोष्ट ऐकणार कोण?

तेव्हा गुरू उठला. त्याने नियमपुस्तकातले जखमेचे पान टर्रकन फाडले आणि खिशात घातले.

"गुरुजी! आता निकाल कशावरून लावू?"

"समोर माणसं बसली आहेत. विचार त्यांना."

शिष्य इंदूताईंकडे वळून म्हणाला, "ताई, अशी जखम घेऊन कोणी दुकानात आलं, तर काय सांगता?"

"हात हलवू नका, आणि आधी डॉक्टरकडे जा."

"मग उजवा हात बंद. डाव्यानं वल्हवत नदी ओलांडा. चार किंवा जास्त आले तर नाव सरळ जाईल. कमी आले तर प्रवाह ओढेल."

फाशावर दोन आले. तिघेही एकदम ओरडले. कोणी दोर फेकू म्हणाले, कोणी उडी मारू म्हणाले. इंदूताई तर डाव्या हाताने खरेच हवेत वल्हवू लागल्या.

गुरूने खिशातले पान काढून शिष्यापुढे ठेवले. "बाळ, नवे नियम आकाशातून पडत नाहीत. कुठेतरी चार माणसं खेळता खेळता अडतात, वाट काढतात, आणि ते कोणीतरी लिहून ठेवतं. सगळेच वाट बघत बसले, तर नव्या आवृत्तीत लिहायचं काय? आजचा निवाडा या पानाच्या कडेला लिही."

शिष्य हसला. त्याने पेन्सिल घेतली आणि लिहू लागला.

वाचनालय बंद करायला आलेला शिपाई किल्ल्या हातात धरून मघापासून दारात उभा होता. तो म्हणाला, "लिहिणं नंतर करा हो, आधी त्या बाईला पलीकडे न्या!"