धरून ठेवलेला निरोप

फार वर्षं झाली. नदीकाठच्या एका गावात एक सुईण होती. जिभेची तिखट, पण हाताची हलकी. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती.

त्याच गावात एक निरोप्या होता. नदीपलीकडच्या गावांचे निरोप होडीतून आणायचे आणि घरोघर पोचवायचे, हे त्याचं काम. गावाची एक रीत होती. बातमी चांगली असली तर निरोप्याने ओसरीवर बसावं, पाणी प्यावं आणि मग सांगावं. वाईट असली तर पाण्याला हात न लावता, उभ्या उभ्या सांगून निघावं. आणि निरोप्याला कुणी घाई करायची नाही. घाई केली की चांगल्याचं वाईट होतं, असं सगळे मानायचे.

हा निरोप्या पारावर बसून गोष्टीही छान सांगायचा. वाघ झेप घेणार, तेवढ्यात हा गप्प! "अरे, पुढं काय झालं?" म्हणत म्हातारेसुद्धा पुढं सरकायचे. हल्लीची पोरं ह्याला सस्पेन्स म्हणतात. गोष्टीत तो हवाच. वाघ खोटा असतो आणि ऐकणारा सुखरूप असतो.

पण निरोप्याला त्याची चटक लागली. निरोप घेऊन दारात आला, तरी तांब्या हातात धरून बसून राहायचा. पिणार की खाली ठेवणार? घरच्यांचे डोळे तांब्यावर आणि ह्याचे डोळे घरच्यांवर. वर गालात हसणं!

एकदा दिवस कलायच्या सुमाराला तो सुईणीच्या दारात आला. तिची एकुलती एक लेक पलीकडच्या गावात दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. सुईणीने पाणी पुढं केलं. निरोप्या ओसरीवर बसला, तेव्हा तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. पण हा पाणी पिईना.

"आक्का, काय ऊन होतं हो वाटेत!"

"हं."

"लेकीच्या दारचा पेरू काय लगडलाय म्हणता!"

"पेरू राहू दे. लेक कशी आहे माझी?"

"सांगतो की! इतक्या बायकांना कळा सोसायला लावता, आणि तुम्हाला दोन घटका सोसवेना?"

जमलेल्या शेजारणी खुसखुसल्या. सगळ्या गावाला दटावणारी बाई, पण लेकीच्या बाबतीत रीत मोडायला भ्याली.

निरोप्या असा रंगला, की ज्या होडीतून आलो तीच दिवसाची शेवटची होडी, आता परत फिरेल, हेही विसरला. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला आणि म्हणाला, "लेकीला सकाळपासून कळा लागल्यात. मूल आडवं आहे. आईला घेऊनच ये, असं सांगितलंय."

सुईण धावत सुटली. घाटावर पोचली तेव्हा होडी मधल्या धारेला लागली होती. तिने हाका मारल्या, पदर हलवला. नावाड्याला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीने ती पोचली. लेक वाचली. बाळ गेलं होतं.

निरोप्या तिच्या पाया पडायला आला. "आक्का, बातमी वाईट नव्हती हो, म्हणून बसलो."

"नव्हतीच वाईट," सुईण म्हणाली. "तू बसलास, म्हणून झाली."

वर्ष गेलं. निरोप्याच्या बायकोला कळा लागल्या. गावात सुईण एकच. कुणाला वाटलं, ही जायची नाही. पण ती गेली. त्या बाईने काय गुन्हा केला होता?

दार लागलं. आतून ओरडणं ऐकू येत होतं. मग एकदम सगळं शांत झालं. जरा वेळाने सुईण हात पुसत बाहेर आली. शेजारणीने तिचा पदर ओढला. "बसव त्याला तसाच. कळू दे मेल्याला!"

निरोप्या उभा होता. खोटं कशाला सांगू, सुईणीलाही मोह झाला. एक श्वासभर ती थांबली. तेवढ्यात तो माणूस भिंत धरून खाली बसला. त्या दिवशी आपण अशाच दिसत असणार, असं तिला वाटलं.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "मायलेकी दोघी धडधाकट आहेत."

निरोप्या ढसाढसा रडला. "आक्का, मला माफ केलंत ना?"

"नाही केलं. बातमी तुझी होती, म्हणून तुला दिली. दुसऱ्याची वस्तू मी ठेवून घेत नाही. ऊठ, लेकीचं तोंड बघ."

तात्पर्य एवढंच: गोष्ट रंगवायला ऐकणाऱ्याला खुशाल ताटकळत ठेवा, पण ज्याचा जीव टांगणीला लागलाय, त्याची बातमी त्याला आधी द्या, गंमत मागून करा.