प्राणी घेऊ की झाडं

"सर, मी प्राणी घेऊ की झाडं?"

आमच्या दादाने हा प्रश्न कॉलेजात इतक्या वेळा विचारला, की तेवढ्या वेळा आमच्या गल्लीत कुणी "नळाला पाणी आलं का" असंही विचारलं नसेल. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एकच मुख्य विषय घ्यावा लागतो, प्राणिशास्त्र नाहीतर वनस्पतिशास्त्र. कुठला घ्यायचा ते त्याला कुणी सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही. गेल्या महिन्यात त्याला तापाने नेलं.

लोक भेटायला येतात, थोडं रडतात, चहा घेतात आणि म्हणतात, "सुदामच्या त्या गमती सांग की." म्हणून सांगतो. गोष्ट जशी सुरू करतात तशीच करतो.

निमखेडी गावात एक भोळा विद्यार्थी होता. 'होता' म्हणायची मला अजून सवय नाही, पण गोष्टीत 'आहे' म्हणत नाहीत.

तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या वर्गात दादा सोडला तर सगळ्या मुली. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून यायच्या. ही शाखा बंद पडली तर त्यांना जिल्ह्याला कोण पाठवणार होतं? त्यांच्या घरी स्थळं तयारच होती. शाखा बंद पडणार, अशी आवई दर वर्षी उठायची, आणि दर वर्षी कांचन नावाची मुलगी दादाला म्हणायची, "सुदामभाऊ, तू काही घोळ घालू नकोस बाबा. आमचं शिक्षण तुझ्या हातात आहे." दादाला बाकी काही कळो न कळो, एवढं पक्कं कळलं होतं.

सरकारचा नियम असा, की प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक शिक्षक पाहिजे. दादाला टेंभेकर सर मिळाले. सगळ्यांनाच टेंभेकर सर मिळाले, कारण दुसरे सर नव्हते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचं मार्गदर्शन नेहमी झालेल्या चुकीबद्दल असायचं.

पहिल्या आठवड्यात दादा शेतातून पिशवीभर झाडपाला घेऊन गेला.

सर म्हणाले, "हे काय आहे? कुठलं आहे? कधी आणलं? अरे, इथे काही नवीन आलं की आधी त्याला चिठ्ठी लावायची. नाव, सापडल्याचं ठिकाण, तारीख."

"बरं सर. मी प्राणी घेऊ की झाडं?"

"आधी चिठ्ठी लावायला शीक."

दादा शिकला. पुढच्याच सोमवारी कॉलेजात नवीन प्राचार्य आले. दादाने डिंक घेतला आणि त्यांच्या पाठीवर चिठ्ठी लावली. नाव : माहीत नाही. ठिकाण : सायकल स्टँडच्या मागे, विडी ओढताना. तारीख : आजची.

प्राचार्य ती चिठ्ठी घेऊन सगळ्या वर्गांवरून फिरले. मुलं इतक्या आनंदाने आपलं स्वागत करतायत हे पाहून त्यांना भरून आलं. दुपारी त्यांनी कोट काढला तेव्हा खरा प्रकार कळला.

सरांनी दादाला बोलावलं. "नवीन कुणी आलं की हात जोडायचे. खुर्ची द्यायची. चहा विचारायचा. नको म्हटलं तरी आग्रह करायचा. आपल्याकडे रीत असते काही."

"बरं सर. प्राणी घेऊ की झाडं?"

"आधी माणसांत वागायला शीक."

दादा तेही शिकला. आठवड्याभराने लॅबमध्ये काचेच्या बरणीतून औषधात बुडवलेली धामण आली. दादाने हात जोडले. खुर्ची पुसून बरणी तिच्यावर ठेवली. चहा विचारला. धामण काही बोलली नाही. दादाने आग्रह केला. तरी बोलली नाही. लाजत असेल, म्हणून त्याने झाकण उघडून अर्धा कप ओतला. दुधाचा, आल्याचा.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने हे सगळं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "साखर घातलीस ना?"

दुसऱ्या दिवशी बरणीत धामण आहे की साय, हे ओळखू येईना. सर डोकं धरून बसले.

"सुदाम, लॅबमध्ये जे येतं त्याच्याशी बोलायचं नाही. उचलायचं. आतल्या खोलीत ठेवायचं. बाहेरून कडी लावायची. आणि मग गावभर सांगत सुटायचं नाही, तोंड बंद ठेवायचं."

"बरं सर. प्राणी घेऊ की झाडं?"

"तू जा बरं."

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजातून भिशीकर नावाचे सर आले. अंगाने काटकुळे, आवाज बारीक. सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि लॅबच्या दारात उभे राहून म्हणाले, "कुणी आहे का?"

दादा बोलला नाही. त्याने त्यांना उचललं, आतल्या खोलीत बरण्यांच्या मध्ये ठेवलं आणि बाहेरून कडी लावली.

मुली आल्या, टेंभेकर सर आले, बेडूक आले. परीक्षक येईनात. फोन लावावा तर उचलेनात, कारण फोन आवाज बंद करून त्यांच्या बॅगेत आणि बॅग दारात.

"सुदाम, तू पाहिलंस का त्यांना?" सरांनी विचारलं. दादा गप्प.

"सुदामभाऊ, अरे बोल की," कांचन म्हणाली. दादा गप्प.

शेवटी आतून बरणी फुटल्याचा आवाज झाला तेव्हा परीक्षक सापडले. त्यांच्या अंगाला औषधाचा असा वास येत होता, की त्यांना पाहून मुलींना आपोआप वह्या काढाव्याशा वाटल्या.

त्यांना लिंबू सरबत पाजून, हातापाया पडून परीक्षा पार पडली. मग सरांनी दादाला कोपऱ्यात घेतलं.

"तुझं नाव घेऊन हाक मारली ना आम्ही? तोंड शिवलं होतं का? यापुढे नाव कानावर पडलं की ओ द्यायची. कुठेही अस, कसाही अस. नाव ऐकलं की हजर म्हणायचं."

"बरं सर. प्राणी घेऊ की झाडं?"

"मला पाणी दे आधी."

आणि त्या वर्षी आवई खरी ठरली. शाखा ठेवायची की बंद करायची हे ठरवायला समिती येणार असं पत्र आलं. समितीला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. एक, मुलं पुरेशी आहेत का. ती होती, पण दादाला धरून, काठावर. दुसरी, माणसाच्या शरीराची प्रतिकृती आहे का. ती कागदावर होती. खोलीत नव्हती.

"तेवढं बघणार नाहीत," सर म्हणाले. हेही मार्गदर्शनच.

समितीच्या दिवशी दादा पहाटेच जाऊन लॅबची फरशी धूत होता. शर्ट, बनियन दोन्ही भिजले म्हणून खिडकीत वाळत घातले होते. तेवढ्यात गाडी फाटकात आली. सर धावत आले आणि त्यांनी दादापुढे खरोखर हात जोडले.

"सुदाम, आज तू काही करू नकोस. त्या स्टुलावर बस. मी सांगेपर्यंत हलायचं नाही, काही झालं तरी. या पोरींसाठी एवढं कर."

दादा बसला.

समितीत एक अध्यक्ष होते आणि एक मॅडम. अध्यक्षांनी बरण्या बघितल्या, बेडूक बघितले आणि स्टुलापाशी येऊन थांबले. वाकून नीट पाहिलं.

"वा. बरगड्या फार छान दाखवल्यात. एकेक मोजून घ्या."

अध्यक्षांनी कागदावर प्रतिकृतीपुढे बरोबरची खूण केली. दादाच्या नाकावर माशी बसली. बसली आणि कंटाळून उडाली.

"आता मुलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक मुलगी ओ देत गेली. सरांचा शर्ट पाठीला चिकटला. कारण दादा प्रतिकृती असेल तर एक मुलगा कमी, आणि दादा मुलगा असेल तर प्रतिकृती नाही. कसंही धरलं तरी शाखा बंद.

"सुदाम घोलप."

"तो आज जरा..." सर म्हणाले.

"हजर," प्रतिकृती म्हणाली.

अध्यक्ष वळले. "ही बोलते?"

"नवीन पद्धतीची आहे, साहेब."

"काय नाव म्हणालात?"

"सुदाम."

"हजर."

"म्हणजे सुदाम ही प्रतिकृती आहे?"

"हजर."

"मग सुदाम हा विद्यार्थी कुठे आहे?"

"हजर."

कांचनने ओढणी तोंडात कोंबली. अध्यक्षांची सगळी नोकरी समित्यांवर गेली होती. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. दोघांतलं एक खोडायचं तर का खोडलं ते लिहावं लागणार, तेही तीन प्रतींत, आणि शेजारच्या खोलीतून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. अध्यक्षांनी दुसऱ्या रकान्यातही खूण केली. खाली शेरा लिहिला : विद्यार्थी पुरेसे. प्रतिकृती उत्तम, विचारल्यास उत्तर देते.

शाखा वाचली. त्या मुली आता शेवटच्या वर्षाला आहेत.

सगळे जेवायला गेले. सर सर्वांत पुढे होते, आणि आनंदाच्या भरात दादाला 'ऊठ' म्हणून सांगायचंच विसरले.

"अरे ऊठ आता, गेले ते," कांचन म्हणाली.

ती सर नव्हती. दादा उठला नाही.

मुली जेवल्या, श्रीखंड दोनदा घेतलं, समितीची गाडी गेली, शिपाई खिडक्या लावायला आला. दादा स्टुलावर तसाच बसला होता, उघड्या अंगाने, बरगड्या ताठ करून, त्यांची शाखा सांभाळत.