उलटवलेले दगड

ब्राझीलच्या मिनास जेराइस या डोंगराळ प्रांतात पेद्रा विरादा नावाचे एक लहान गाव आहे. नावाचा अर्थ 'उलटवलेला दगड'. गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर कातळाची एक लांब पायरी आहे, स्वयंपाकघरातल्या फळीसारखी सपाट. तिच्यावर ओळीने दगड मांडलेले आहेत. सगळे गोल, चपटे, भाकरीएवढे रुंद आणि चार बोटे जाड. पावसाळ्यात त्या डोंगरावर कुंपणाच्या खांबांवरसुद्धा शेवाळ चढते. या ओळीतले बरेचसे दगड तसेच हिरवे झालेले आहेत. काही दगड मात्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ, हात फिरवल्यासारखे गुळगुळीत आहेत.

आम्हाला तिथे घेऊन गेल्या त्या दोना इल्दा. 'दोना' हे तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या या बाई अजून रोज चीज करतात. चढताना त्या आमच्या पुढे होत्या, आणि वर पोचल्यावर आमच्यातला एकजण दगड उचलायला वाकला तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"आधी ऐका. मग बघा. शहरात शिकलेल्यांना सगळं हातात घ्यायची घाई."

त्या देशात चीज नाही असे घर मिळणे कठीण. समुद्रकिनाऱ्यावर काडीला टोचलेले चीज निखाऱ्यावर भाजून विकत फिरतात. उत्तरेला, नदीच्या मुखाशी असलेल्या बेटावर, म्हशीच्या दुधाचे मऊसूत चीज होते. दक्षिणेच्या थंड पठारावर जाडजूड चकत्या महिनोन्महिने ठेवतात. मिनासमध्ये तर पांढरे, ताजे चीज पेरूच्या घट्ट वडीबरोबर खातात, अर्धे मुरलेले सकाळच्या कॉफीबरोबर, आणि पुरते मुरलेले किसून छोट्या गोल पावांच्या पिठात मळतात. दूध त्याच गाईंचे, मीठही तेच, फरक थांबण्याचा. पेद्रा विरादाचे लोक मात्र सांगतात की त्यांच्या खोऱ्यात पूर्वी फक्त ताजेच चीज होते. आज केले, उद्या-परवा संपवले, उरले ते डुकरांना घातले. थांबायला त्यांना एका आईने शिकवले, आणि तेही तिने शिकवायचे म्हणून शिकवले नाही.

तिचे नाव फिर्मीना. ती विधवा होती. तिच्यापाशी थोड्या गाई होत्या आणि लाउरिंदो नावाचा एकुलता एक मुलगा. त्या काळी खोऱ्यात रस्ता नव्हता. खेचरांचे तांडे नदीच्या बंदरावरून मीठ आणत. एका वर्षी लाउरिंदो तांड्याबरोबर निघाला. निघायच्या दिवशी आईची बोटे सुजली होती, म्हणून पहाटेचे दूध त्यानेच काढले. आईने त्याचे चीज लावले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, "हे माझ्या हातचं. मी आल्यावर मीच कापीन. कुणाला सुरी लावू देऊ नकोस."

"मग लवकर ये," फिर्मीना म्हणाली, "नाहीतर तुझ्याआधी मुंग्या येतील."

तांडा परत आला, लाउरिंदो आला नाही. तांड्याचा म्होरक्या टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला. नदीवर दाट धुके होते, लाउरिंदो उतार शोधायला पुढे गेला, यांनी हाका मारल्या, दिवसभर शोधले. खेचर सापडले नाही की त्याचा जोडाही सापडला नाही.

"म्हणजे मेला असं कुणी पाहिलं नाही," फिर्मीना म्हणाली आणि आत गेली.

असे सांगतात की त्या दिवसापासून ती रोज दोन चकत्या करू लागली. एक घरासाठी, एक लाउरिंदोसाठी. तो आला तर भुकेला येईल, ताजे मागेल. तो न आल्यामुळे संध्याकाळी ती चकती फळीवर, त्याने काढलेल्या दुधाच्या पहिल्या चकतीशेजारी जाई. रोज पहाटे ती सगळ्या चकत्या एकेक करून उलटवी, ओल्या फडक्याने पुसी, मीठ चोळी. तान्ह्या मुलाची कूस बदलावी तशी, असे दोना इल्दा म्हणाल्या. चकत्यांतून जी खारट निवळी ठिबके, ती वाडग्यात धरून दुसऱ्या दिवशीच्या दुधात घाले. या ठिबकणाऱ्या निवळीला तिकडे 'पिंगो' म्हणतात, म्हणजे थेंब. आपल्या घरी जसे काल लावलेल्या दह्याचे विरजण आज दुधाला लावतात, तसेच हे. त्यामुळे रोजच्या चकतीत आदल्या दिवसाचे काहीतरी असे, त्यात त्याच्या आदल्या दिवसाचे. आणि असे मागे मागे जात लाउरिंदोने काढलेल्या दुधापर्यंत.

फळी भरली, दुसरी ठोकली, तिसरी ठोकली. गाव हसू लागले. सगळ्यांत मोठ्याने हसे रोमाना. ती लाउरिंदोची धर्ममाता, बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर घेतले होते. मुलाची आई आणि धर्ममाता एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. ते नाते बहिणीपेक्षा जवळचे.

"कोमाद्रे," रोमाना कुंपणावरून ओरडे, "तुझ्या फळ्यांना दात आले का गं? एवढं कोण खातंय?"

फिर्मीना चकत्या उलटवत राही. गावच्या पाद्र्याने एकदा सुचवले की मुलासाठी मृतात्म्याची प्रार्थना करून घ्यावी, मनाला शांती मिळेल. तेव्हा मात्र ती चर्चच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली: "ज्या दिवशी माझ्या फळीला सुरी लागेल, त्या दिवशी तो मेला असं समजा. तोवर मरणाच्या घंटेला हात लावू नका."

त्यानंतर कुणी हसले नाही.

मग तो वाईट दुष्काळ पडला. गवत करपले, मका कणीस धरण्याआधी वाळला, गाई आटल्या. नदीचे पाणी इतके उतरले की बंदरावर होड्या येईनात, आणि तांडे थांबले. घरोघरची विरजणे दूध नाही म्हणून वाळून गेली. लोकांनी कंद उकरले, मग कंदही संपले. फिर्मीनाच्या घरात मात्र फळ्या छतापर्यंत भरलेल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होते. तरी त्या दारात कुणी मागायला गेले नाही. चीज मागणे म्हणजे तिच्याकडे मुलाचे मरण मागणे होते.

शेवटी रोमाना गेली. उंबऱ्यावर बसून राहिली. फिर्मीना आत चकत्या उलटवत होती.

"तुझी नात रडताना ऐकू यायची," फिर्मीना आतूनच म्हणाली.

"हो."

"आज नाही आली ऐकू."

"कालपासून रडत नाही," रोमाना म्हणाली. "रडायला लागतं ते पण नाही राहिलं तिच्यात."

असे सांगतात की आतला आवाज थांबला. मग फिर्मीना सुरी घेऊन बाहेर आली आणि तिने ती रोमानापुढे धरली.

"तू कापू नकोस, कोमाद्रे," रोमाना म्हणाली. "मी तशीच जाते."

"त्याला बाप्तिस्म्याला तू धरलं होतंस. घंटा वाजवायला सांग. मग ये आणि माझ्याबरोबर धर."

घंटा वाजली तेव्हा दोघींनी मिळून एकाच सुरीवर हात ठेवून पहिली चकती कापली. सारे खोरे अंगणात जमले होते. आधी गाई आटताना केलेल्या शेवटच्या, पांढरट चकत्या निघाल्या, त्या आजाऱ्यांना आणि लेकरांना. मग फिकट पिवळ्या, मऊ आणि किंचित आंबट. मग आणखी मागच्या, ज्यांची साल कडक होती आणि आत मधाच्या रंगाचे, जिभेला झोंबणारे चीज होते. तसली चव त्या खोऱ्यात कुणी कधी घेतली नव्हती. लोक खात होते, रडत होते, आणि ते इतके रुचकर लागते याचीच त्यांना लाज वाटत होती. रोज थोडे थोडे वाटत फळ्या रिकाम्या होत गेल्या. रोमानाची नात पुन्हा रडू लागली.

शेवटी एकच चकती उरली, लाउरिंदोच्या हातच्या दुधाची. ती काळपट, दगडासारखी झाली होती. ती ठेव, असे सगळे म्हणाले. पण पाऊस अजून आला नव्हता. फिर्मीनाने तिचे तुकडे सुरीने केले नाहीत, ते होण्यासारखे नव्हते. तिने ती किसली, आणि घरटी एकेक चिमूट वाटली. स्वतःच्या वाट्याची चिमूट तिने रिकाम्या फळीवर ठेवली.

पावसानंतर गाई दूध देऊ लागल्या, पण विरजण कुणाकडेच उरले नव्हते. तेव्हा फिर्मीनाने आपल्या फळ्या कोमट दुधाने धुतल्या. इतक्या दिवसांची निवळी त्या लाकडात मुरलेली होती. त्या दुधाचे चीज लावले, त्यातून नवा पिंगो ठिबकला, आणि तिने तो वाळक्या भोपळ्यांत भरून घरोघर पोचवला. म्हणून त्या खोऱ्यात कुणी पिंगो मागायला आले तर नाही म्हणत नाहीत. म्हणूनच मुरलेली चकती कापण्याआधी घरातले धाकटे माणूस विचारते, "लाउरिंदो आला का?" थोरले म्हणते, "नाही आला. काप."

"पण हातांना सवय लागलेली असते ना," दोना इल्दा आम्हाला म्हणाल्या. "घंटा वाजली, तरी पहाट व्हायचीच. उठायचं आणि उलटवायचं काय?"

फिर्मीना मग या टेकडीवर येऊ लागली. इथून नदीकडची वाट दिसते. तिने ओढ्यातला एक गोल दगड वर आणून कातळावर ठेवला, आणि मरेपर्यंत रोज पहाटे तो उलटवला. पुढे गावातून जो कुणी दूर गेला, त्याच्या घरच्यांनी इथे एक दगड ठेवला. माणूस परतले की दगड ओढ्यात परत जातो.

आम्ही ओळीकडे पाहिले. ओढ्यात परत न गेलेले दगड पुष्कळ होते. दोना इल्दा एका स्वच्छ दगडापाशी वाकल्या, तो दोन्ही हातांनी उलटवला आणि पदरासारख्या लोंबणाऱ्या अॅप्रनच्या टोकाने पुसला.

"हा कुणाचा?" आमच्यातल्या एकाने विचारले.

"माझ्या नेय्दीचा. साओ पाउलोला कामाला गेली. आधी फोन यायचा."

मग त्या शेजारच्या, दुसऱ्या घरच्या दगडाकडे सरकल्या. त्यावर शेवाळाचा कोवळा पोपटी थर नुकता धरू लागला होता. त्यांनी तो नखाने खरवडायला सुरुवात केली, मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तो तसाच सोडला.

आजही त्या कातळावर दगडांची ओळ आहे. पाहुणे हिरवे दगड पाहून हळहळतात, त्या त्या घरचे माणूस मेले असे समजून. ते तसे नाही. गेलेल्या माणसाचे काय झाले हे दगडाला कळत नाही. शेवाळ चढले याचा अर्थ एवढाच, की खाली गावात त्याची वाट पाहणारे आता कुणी उरले नाही.